किल्ली सातपूरला

दुकानाच्या शटरला दोन कुलपं.
एकाची किल्ली माझ्या कमरेला,
दुसऱ्याची सासऱ्यांच्या जानव्याला.
तिसरी आम्ही कधी किल्ली मानलीच नाही,
ती प्रणीलच्या मोबाईलमध्ये, सातपूरला.

त्यानंच उघडलं होतं खातं,
दिवाळीच्या आधी, गल्ल्यावर कोपर टेकून.
"काकू, नंबर कुणाचा टाकू?"
मी एका जुन्या बंबाची मोड तोलत होते.
म्हटलं, टाक रे तुझाच.
तेवढ्यात दुकानाचं अर्धं दार
त्याच्या नावावर झालं.

मग फोटो. समयांचे, ठोक्याच्या हंड्यांचे,
सासऱ्यांच्या हाताचे:
हातोडी वर गेलेली, अजून न पडलेली.
अकरा हजार लोक ते हात बघायला लागले.
इंदूरहून ऑर्डर आली. जर्मनीतल्या एका बाईनं
तांब्याचा तांब्या मागवला.
सासरे म्हणाले, तिला सांग, चिंचेनं घासायचा.
चिंच तिकडे मिळते का, ते नाही विचारलं.

चैत्रात तो गेला.
भांडण नव्हतं. कंपनीत पक्की नोकरी लागली,
आणि आमच्याकडे त्याचे अठरा दिवस राहिले,
जे मी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत
वहीच्या मागच्या पानावर नेले.

आषाढात माझा मोबाईल बादलीत पडला.
नव्या मोबाईलनं विचारलं, तुम्ही कोण?
दुकानाचं नाव सांगितलं. नाही पुरलं.
सासऱ्यांचे हात, चौथी पिढी, भांडी बाजार,
काहीच नाही पुरलं.
सहा आकडे पाठवलेत म्हणाला,
शेवटी एकतीस असलेल्या नंबरवर.
एकतीस माझा नव्हे.

दोन ठिकाणी विचारलं तर तिसऱ्याचाच फोन.
"मॅडम, लिंक पाठवतो, दाबा फक्त,
खातं परत मिळवून देतो."
आवाज असा, की पितळेला सोन्याचं पाणी दिलंय.
पितळेत जन्म गेलाय माझा.
ठेवला फोन.

इथे पूर आला तर कळतो.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं
की खालची फळी रिकामी करायची,
कमरेला लागलं की गल्ला माळ्यावर,
छातीला लागलं की देवाचं नाव आणि मिळेल ती रिक्षा.
बाजारातली शेंबडी पोरंही जाणतात हे.
पण या दुसऱ्या पाण्यात मारुती उभा नाही.
कुठवर चढलंय, कुणाकडे बघायचं?

सिटी बसनं सातपूरला गेले.
पाकिटात अठरा दिवस, वर दोनशे रुपये लाजेचे.
गेटवर तो आला, कपाळाला ऑइलचा डाग,
पाकीट न मोजता खिशात घातलं.
"काकू, फोन केला असता तरी सांगितले असते की आकडे."
हे जास्त लागलं.
मी त्याला चोर धरून आले होते.
बसमध्ये मनातल्या मनात दोनदा भांडूनही झालं होतं.

टपरीवर, चहा निवेपर्यंत,
त्याचा नंबर काढला, माझा घातला,
सोबत नणंदेचा ईमेल.
"एकाच माणसाकडे ठेवू नका काकू, बादल्या फार असतात."
पासवर्ड मी एकटीनं ठरवला.
तेवढा वेळ तो तोंड फिरवून
रस्त्यावरचे टेम्पो मोजत राहिला.
कुणी शिकवलं नव्हतं त्याला ते.

शेवटी स्क्रीनवर आकड्यांच्या दहा जोड्या आल्या.
अडीनडीला लागतील म्हणाला,
कागदावर लिहा, फोटो नका काढू.
बिलाच्या पाठीवर लिहिल्या.
तो कागद आता माळ्यावर आहे,
पुराच्या जुन्या रेघेच्या दोन हात वर,
सासऱ्यांनी ठोकलेल्या डब्यात,
सासूबाईंच्या पाटल्यांच्या पावतीशेजारी.
झाकण घट्ट बसतं.
एकानं धरावं लागतं, दुसऱ्यानं ओढावं लागतं.

काल नव्या समईचा फोटो टाकला, जरा हललेला.
पहिलं बोट उठलं ते सातपूरहून:
"काकू, उजेड खिडकीकडून घ्या."